कोरी छोटी की वापरलेली मोठी? मध्यम आकाराची लक्झरी सेडान घ्यायचीये

उंबरठ्यावर
नमस्कार मंडळी, गेली कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे, आता स्वतःच्याच खिशाला कात्री लागायची वेळ आली म्हणून धागा काढतोय. सध्याची हॅचबॅक ११ वर्षांची झालीये, इंजिन अजून ठणठणीत आहे पण आई-बाबा मागे बसले की लांबच्या प्रवासात दोघांचे चेहरे बघवत नाहीत. एसयूव्ही का नाही असं कृपया विचारू नका, बाबांना उंच गाडीत डोलल्यासारखं होऊन मळमळतं, त्यामुळे सेडानच.

घोळ असा की ठरवलेल्या रकमेत दोन रस्ते दिसतायत. एक, कोरी करकरीत बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा मर्सिडीज सी क्लास, सगळ्यात खालचं मॉडेल. दोन, ४-५ वर्षं वापरलेली, त्यांच्याहून मोठी बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज, मर्सिडीज ई क्लास नाहीतर ऑडी ए ६, तीही सगळ्या सोयींनी भरलेली. रोजचं चालणं जेमतेम १०-१२ किमी, थांबत थांबत. महिन्यातून एखादी ५००-६०० किमीची फेरी. एकदा घेतली की निदान ७-८ वर्षं ठेवायची. मेकॅनिकल ज्ञान: हवा भरता येते. झोडपा.

दुसरा_मालक
वापरलेली मोठी. विषय संपला. :)

बरं सांगतो. मी आजपर्यंत एकही गाडी कोरी घेतलेली नाही. या वर्गातली गाडी पहिल्या ३-४ वर्षांत किमतीला जशी कोसळते तशी पुढे कोसळत नाही, तो घाव दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो, आपण त्याला मनातल्या मनात धन्यवाद द्यायचे. आणि मोठी ती मोठीच. मागच्या सीटवरचा फरक नुसता इंचांचा नसतो, मांडीखाली सीट लांब असते, काच जाड असते, रस्त्याचा आवाज कमी येतो. तासाभरात कळणार नाही पण सहा तासांनी आई-बाबा उतरतील तेव्हा कळेल.

मिटलेली_छत्री
दुमा, एक गोष्ट तुम्ही दरवेळी गिळता. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. गाडी अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून तिचा हेडलाइट अर्ध्या किमतीत मिळतो का? ५ वर्षांनी गाडी जुनी झालेली असते पण तिचं बिल नव्या गाडीचंच येतं, आणि माणूस बजेट करतो ते घेतलेल्या किमतीवरून. मी कोरी घेतली, खालचंच मॉडेल घेतलं, वॉरंटी वाढवून घेतली आणि निवांत झोपते. सीटला मसाज नाही म्हणून आजवर कुणी तक्रार केली नाहीये.

बटणदाब्या
मसाज नाही तर लक्झरी कसली ओ ताई

गंजका_नट
धागाकर्त्याने एक चांगलं केलं, रोज १०-१२ किमी हे आधीच सांगितलं. त्यामुळे डिझेल बाद, यावर काथ्याकूट नको. आजकालच्या डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. तो साफ व्हायला आतली काजळी जाळावी लागते, त्याला साधारण ६०० अंशांचं तापमान लागतं आणि तितकं तापायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. तुमची गाडी १२ किमीत नीट कोमटही होणार नाही. जाळणं सुरू होणार, तुम्ही चावी काढणार, उरलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरणार. काही महिन्यांत ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली की समजायचं काय झालंय ते.

पेट्रोल किंवा हायब्रिड, बास. आता मॉडेल बघताना नुसतं 'फाइव्ह सिरीज' म्हणून चालत नाही, आत कुठलं इंजिन आहे ते बघावं लागतं. एफ १० म्हणजे २०१० ते २०१७ ची पिढी. तिच्यात पेट्रोलला एन २० नावाचं इंजिन होतं, त्याच्या टायमिंग चेनचे (इंजिनच्या झडपा वेळेवर हलवणारी साखळी) प्लॅस्टिकचे गाइड तुटायचे, २०१५ च्या आधीचं असेल तर गाइड बदलल्याचा कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच पिढीचं जुनं डिझेल एन ४७, त्याची चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. चेनला हात घालायचा तर अख्खं इंजिन उतरवायचं. २०१७ पासूनच्या जी ३० पिढीत बी ४८ इंजिन आलं, ते बरंच शहाणं आहे, कूलंटचे प्लॅस्टिक पाइप आणि ऑइल फिल्टर हाउसिंगपाशी ओलसरपणा एवढं बघा.

मर्सिडीजमध्ये २०१६ नंतरची डब्ल्यू २१३ पिढीची ई क्लास बघा, त्याआधीच्या डब्ल्यू २१२ च्या सुरुवातीच्या डिझेलांनी इंजेक्टरपायी लोकांना रडवलं होतं. ऑडीचं २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिन २००८ ते २०११ च्या काळात ऑइल प्यायचं, पिस्टन रिंगांमुळे. नंतरची पिढी त्या मानाने सुधारली.

सहज_म्हणून
अवांतर: आपण ज्याला मिडसाइज म्हणतो त्याला युरोपात एक्झिक्युटिव्ह म्हणतात, नाहीतर सरळ ई सेगमेंट. फाइव्ह सिरीज १९७२ पासून चालू आहे. ई क्लास हे नाव मात्र १९९३ चं, तोपर्यंत ई हे अक्षर आकड्याच्या मागे लागायचं. आणि ए ६ म्हणजे १९९४ पर्यंतची ऑडी १००. चालू द्या.

निवांत_काकू
कुणीच लेक्ससचं नाव घेत नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे ईएस ३०० एच आहे, २०१८ नंतरची पिढी. गर्दीतल्या रोजच्या छोट्या फेऱ्यांना याहून सोयीचं काही मी चालवलेलं नाही. अर्धा वेळ इंजिन बंदच असतं. टर्बो नाही, गिअरबॉक्समध्ये पट्टा नाही की क्लचपॅक नाहीत, प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर, टोयोटा हेच तंत्र किती वर्षं वापरतेय. पुढच्या चाकांवर चालते म्हणून मुलगा नाक मुरडतो. मागे बसणाऱ्याला त्याचं काय?

वापरलेली घेणार असाल तर एक बघा. मागच्या सीटपाशी हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. ती धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी तुंबलेली असेल तर बॅटरी तापत राहिलेली असते. आमची जाळी मी स्वतः ब्रशने साफ करते, पाच मिनिटांचं काम आहे.

गंजका_नट
काकूंना +१. ज्याला गाडी चालवण्याची हौस नाही पण गाडीतून जायची आहे त्याने ती घ्यावी.

उंबरठ्यावर
हौस आहे हो, तीच तर पंचाईत. :( आणि तिघांचं वाचून तिन्ही पटायला लागलंय. शनिवारी एक वापरलेली बघायला जातोय, कुठली ते आत्ता लिहीत नाही, ४ वर्षांची, पेट्रोल, ३८ हजार किमी, फोटोत आरशासारखी चमकतेय. काय काय बघू?

दुसरा_मालक
चमकतेय म्हणजे विकायला पॉलिश केलीये, त्याने हुरळू नका. सकाळी लवकर जा आणि आधीच बजावा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर गप्पा नंतर, आधी बोनेटवर हात ठेवायचा. थंड इंजिन पहिल्या ५-१० सेकंदांत जे बोलतं ते नंतर दिवसभर बोलत नाही. चेनची खडखड, टॅपेटची टिकटिक, धुराड्यातून निळसर धूर, सगळं त्याच वेळेला.

मग टायर. बाजूला डॉट असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर बघायचे. ३८ हजार चाललेल्या गाडीला दुसरा सेट लागलेला असेल तर किमीबद्दल दोन प्रश्न जास्त विचारायचे. तसंच स्टिअरिंगचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड. माणूस रोज जिथे घासून उतरतो तिथे गाडी खोटं बोलू शकत नाही.

गंजका_नट
त्यात माझी भर. पेंटची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी मागून न्या, पण अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं, कारण या गाड्यांचे बोनेट आणि बरेचदा पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि साधं लोहचुंबकी मीटर तिथे गप्प बसतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर गेलं की पुन्हा रंगवलंय, ३०० च्या बराच वर म्हणजे खाली पुट्टी. एखादा पॅनल रंगवलेला असणं हा गुन्हा नाही, खरचटतं. खांब आणि छत रंगवलेलं असेल तर निघा.

सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत खेचा, बुडाशी लेबल असतं, त्यावर तारीख असते. एकाच बेल्टची तारीख गाडीपेक्षा नवी का, हे विचारा. दोन्ही हेडलाइटवरचे स्टिकर ताडून बघा. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून उडालाय का बघा.

आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) न्या, स्वस्तातला चालेल. नुसता एरर नाही म्हणून खूश होऊ नका, 'रेडिनेस' म्हणून पान असतं ते उघडा. आदल्या दिवशी कुणी एरर पुसले असतील तर तिथल्या चाचण्या अपूर्ण दिसतात, गाडी थोडी वेगवेगळ्या तऱ्हेने चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत.

मिटलेली_छत्री
एवढं सगळं करण्यापेक्षा शोरूममध्ये जाऊन सही केली की झालं, असं कुणालाच वाटत नाही का?

बटणदाब्या
ताई सहीत मजा कसली

उंबरठ्यावर
जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

साडेसातला पोचलो. मालक (म्हणजे मालकाचा मित्र, कागद तिसऱ्याच्याच नावावर) हसत बाहेर आला, गाडी धुऊन उभी. दुमांनी सांगितल्याप्रमाणे रामराम करायच्या आधी बोनेटवर हात ठेवला. गरम. कोमट नाही, गरम. म्हटलं सुरू केली होती का, तर म्हणे धुवायला बाहेर काढली. अहो धुवायला किती लांब नेली?

तरी बघितली. पुढचे टायर एका वर्षाचे, मागचे दुसऱ्या, आणि मागचा उजवा तिसऱ्याच कंपनीचा. मीटर नेलं होतं, डावीकडच्या दोन्ही दारांवर ११०-१२०, उजव्या पुढच्या फेंडरवर ३४०. त्याच बाजूच्या हेडलाइटचं स्टिकरच नाही. पुढचा उजवा बेल्ट खेचला तर लेबल कापलेलं होतं. कापलेलं! म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं की लोक तिथे बघतात. स्कॅनरवर एरर शून्य, रेडिनेसमध्ये पाच चाचण्या अपूर्ण.

चालवायला अप्रतिम होती हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. परत येताना माझ्या डब्यात बसलो आणि वाटलं की आपण उगाच शहाणपणा केला. रात्रभर तसंच वाटत होतं.

गंजका_नट
रेडिनेसच्या पाच चाचण्या अपूर्ण आणि बेल्टचं लेबल कापलेलं, आता आणखी काय हवं, पत्र? सुटलात.

दुसरा_मालक
चालवायला अप्रतिमच असते ओ. या गाड्या मोडलेल्या असल्या तरी छान चालतात, म्हणून तर लोक फसतात. स्वस्त गाडी बिघडली की आवाज करते, ही बिघडली की मेसेज दाखवते, आणि मेसेज पुसता येतो.

माझा अनुभव, कंपनीचं नाव घेत नाही. हवेच्या सस्पेन्शनवाली गाडी, संध्याकाळी बघितली, दणदणीत उभी. घरी आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागचा डावा कोपरा बसलेला, कुत्रं बसतं तसा. चालू केली की वर यायची. हवेची पिशवी झिरपत होती आणि ती भरत बसल्यामुळे कॉम्प्रेसरही दमलेला, दोन्ही बदलले. तेव्हापासून हवेचं सस्पेन्शन असेल तर रात्री चाकाच्या मध्यापासून आर्चपर्यंत टेपने मोजून घ्यायचं, सकाळी परत मोजायचं. विकणारा रात्रभर गाडी ठेवू देत नसेल तर साध्या स्प्रिंगची बघायची.

मिटलेली_छत्री
दुमा, हे तुम्ही आजवर कधी सांगितलं नव्हतं.

दुसरा_मालक
लाज वाटते म्हणून.

उंबरठ्यावर
आता दुसरी एक मिळालीये. जी ३०, ५३० आय, ५ वर्षांची, पण ७६ हजार किमी झालेत. पहिला मालक, फाइल जाडजूड. किमीच्या आकड्याने घाबरलोय. आणि १९ इंची चाकं आहेत, टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे), मागे जरा कडक वाटलं, आईने लगेच सांगितलं.

गंजका_नट
७६ हजाराला घाबरू नका, फाइल उघडा. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा ८ स्पीड आहे, जगातला एक उत्तम गिअरबॉक्स. गाडीच्या पुस्तकात त्याचं ऑइल जन्मभराचं म्हणतात, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीदरम्यान बदला म्हणते. आता जन्म कुणाचा धरायचा ते तुम्ही ठरवा. फिल्टर त्याच्या प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच असतो, चेंबरसकट बदलायचा. फाइलमध्ये हे झाल्याचं बिल असेल तर मालक गाडीवर जीव असलेला माणूस आहे, डोळे मिटून नाही पण एक डोळा मिटून घ्या.

चालवताना: गाडी थंड असताना हळूहळू थांबा, दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसतो का बघा. मग ६०-८० च्या वेगात ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून चालवा, रबरी पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा त्रास. आर टाकून डी टाका, उशीर लागतो का बघा.

बॅटरी बदललेली असेल तर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवली का विचारा. नोंदवली नाही तर गाडी नव्या बॅटरीलाही म्हातारी समजून चार्ज करत बसते.

चाकांचं गणित साधं आहे. १९ ला पुढे २४५/४०, म्हणजे टायरची भिंत २४५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के, ९८ मिलिमीटर. १८ ला २४५/४५, ती ११० च्या आसपास. १७ ला २२५/५५, म्हणजे जवळपास १२४. आईंच्या पाठीला हाच अडीच सेंटिमीटर रबर पाहिजे. त्यात रनफ्लॅटची भिंत जाड आणि ताठ, कारण हवा गेल्यावर तिनेच गाडी पेलायची असते. १८ ची चाकं आणि साधे टायर घातले की गाडीचा स्वभाव बदलतो.

निवांत_काकू
आईंनी लगेच सांगितलं ना, मग झालं. मागे बसणाऱ्याला घेऊन टेस्ट ड्राइव्ह करायची हे कुणीच लिहिलं नव्हतं, ते तुम्ही आपणहून केलंत.

बटणदाब्या
सनरूफ उघडून कडेच्या चराला हात लावून बघा, पाला साचला असेल तर पाणी खांबातून खाली कार्पेटमध्ये येतं. पायाखालचा मॅट उचलून कुबट वास येतो का बघा. मला फक्त बटणं कळतात असं समजू नका

गंजका_नट
बटणदाब्या, आज पहिल्यांदा मनापासून +१.

उंबरठ्यावर
फाइलमध्ये ६८ हजाराला गिअरबॉक्स ऑइल आणि चेंबर बदलल्याचं बिल निघालं. बॅटरी नोंदवल्याचा कागद. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. मालकीणबाईंनी पेट्रोल भरल्याच्या नोंदी पण वहीत ठेवल्यात, निळ्या शाईत, प्रत्येक वेळचं किमी सकट, त्यामुळे मीटर फिरवण्याचा प्रश्नच मिटला. बोनेट बर्फासारखं थंड. मागच्या बंपरला २१० मायक्रॉनचा डाग म्हणणार होतो, मग आठवलं की बंपर प्लॅस्टिकचा असतो, मी दाराची कड मोजत होतो. असो. पार्किंगमध्ये खांबाला घासलं होतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

एकच दोष निघाला, ऑइल फिल्टर हाउसिंगपाशी ओल. माझ्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन दाखवलं. तेवढं किमतीत वळतं करून घेतलं.

छत्रीताई, तुमचं वाक्य विसरलेलो नाही. कोरी घेताना जी वरची रक्कम लागली असती ती वेगळ्या खात्यात टाकलीये, ती गाडीचीच. हात लावायचा नाही असं बायकोने सांगितलंय.

मिटलेली_छत्री
मग ठीक आहे. अभिनंदन. बायकोचं ऐका.

दुसरा_मालक
हाबिणंदण!! फोटो टाका, आणि बिलाच्या फाइलचा पण टाका, तोच जास्त बघण्यासारखा आहे.

उंबरठ्यावर
एक आठवडा झाला. १८ ची चाकं आणि साधे टायर काल बसवले, रनफ्लॅट गेले. आज ३०० किमी जाऊन आलो, बाबा मागे चक्क घोरत होते. आई म्हणते दार फार जड आहे.

सहज_म्हणून
छान. स्टेपनी कुठे ठेवलीत?

उंबरठ्यावर
एक मिनिट, बघून सांगतो.

उंबरठ्यावर
डिकीतला कार्पेट उचलला. खाली बॅटरी आहे, एक त्रिकोण आहे आणि ओढायचा हूक आहे. स्टेपनी नाही, स्टेपनीला जागाच नाही.

गंजका_नट
रनफ्लॅटवाल्या गाडीला ती कशाला देतील. सीलंटची बाटली आणि छोटा पंप आजच घ्या, पंप बारा व्होल्टवर चालतो. हवा भरता येते म्हणाला होतात ना.